हिमाचे शिल्प आणि माणसाचा हात

अमेरिकेतील युटा राज्यात एका उंच, कोरड्या पठाराच्या कडेला ब्राइस कॅन्यन हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९२८ साली त्याला हा दर्जा मिळाला. लाल, केशरी आणि पांढऱ्या चुनखडीचे असंख्य सुळके येथे दाटीने उभे आहेत. ते म्हणजे शिळा झालेली माणसेच होत, अशी तेथील पायूट आदिवासींची कथा आहे. हिवाळ्यात त्यांच्या माथ्यांवर शुभ्र बर्फ साचला, की लाल दगडांचा रंग अधिकच खुलतो.

वाळवंटी प्रदेशात बर्फ कसा, असे नवल वाटेल. परंतु या पठाराचा कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० ते २७०० मीटर उंचीवर आहे. येथे बर्फ हा केवळ अलंकार नाही, तो शिल्पकार आहे. दिवसा उन्हाने तो वितळतो व पाणी खडकाच्या भेगांत झिरपते. रात्री ते गोठते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि पाचर ठोकावी तशी भेग रुंदावते. अशा रीतीने कड्यापासून भिंती सुटतात, भिंतींना खिडक्या पडतात आणि शेवटी सुळके उरतात.

मात्र जे हिम सुळका घडवते, तेच त्याला पाडते. मग लोखंडाचा वा सिमेंटचा आधार देऊन हे सौंदर्य वाचवावे काय? राष्ट्रीय उद्यानांतील निसर्ग पुढील पिढ्यांसाठी अबाधित राखावा, असे अमेरिकेचा १९१६ चा कायदा सांगतो. पण अबाधित म्हणजे अचल नव्हे. झीज थांबवली, तर नवे सुळके घडणेही थांबेल. आधार दिलेला दगड उभा राहील, पण त्याला घडवणारा निसर्ग तेथून हद्दपार होईल.

यावर कोणी म्हणेल, दगड झिजणारच असतील, तर माणसाच्या पावलांनी थोडे अधिक झिजले म्हणून काय बिघडले? बिघडते ते असे : हिम तोडते आणि तोडता तोडता नवे घडवते. पायवाट सोडून उतारावर चढणारा किंवा दगडावर नाव कोरणारा माणूस केवळ तोडतो. घडवत काहीच नाही. म्हणून निसर्गाची झीज स्वीकारावी आणि माणसाची नासधूस रोखावी, हेच खरे संरक्षण होय.

या उद्यानातील एका प्रसिद्ध पायवाटेचा अरुंद घळीतून जाणारा भाग हिवाळ्यात बंद ठेवतात, कारण तेव्हा वाट निसरडी होते व दगड कोसळण्याचा धोका असतो. तेथे दगडांना बांधून ठेवले जात नाही. माणूसच काही महिने बाजूला होतो. निसर्गाचे रक्षण करताना अनेकदा एवढेच पुरेसे असते.