फावल्या वेळची विद्या : किल्लीवाचून कुलूप

वाचकहो, गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत या सदरातून आंब्याच्या कलमांविषयी लिहिले होते. यंदाचा विषय वाचून कित्येकांच्या भुवया उंचावतील. गेली दोन वर्षे मी किल्लीवाचून कुलूप उघडण्याची विद्या शिकत आहे. शेजारच्या आजींच्या कानी हे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, मुलांना शहाणपण शिकवायचे सोडून ही चोरांची विद्या कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर देणे मला भाग आहे.

आमच्या गावच्या बैठकेत एक जुने लाकडी कपाट आहे. दिवसभर उसाच्या मळ्यात राबून सायंकाळी याच जागी मराठी अक्षरे गिरविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ते वर्गणी काढून करवून घेतले. पुढे त्याच्या दारात पितळी कुलूप बसविण्यात आले. किल्ली वृद्ध खजिनदारांपाशी असे. ते निवर्तले आणि किल्लीचा ठावठिकाणाही त्यांच्याबरोबरच गेला. सभेत दार फोडण्याचा ठराव आला. ज्या हातांनी ते कपाट उभे राहिले त्यांची आठवण होऊन मला राहवेना. मी तीन महिन्यांची मुदत मागितली आणि ती मिळाली.

प्रथम कुलपाची रचना समजून घ्यावी. नेहमीच्या पितळी कुलपात एक फिरता गाभा असतो. त्यावर ओळीने पाच-सहा छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रात एकावर एक अशा दोन लहान खुंट्या व त्यांवर एक स्प्रिंग असते. वरची खुंटी अर्धी गाभ्यात व अर्धी बाहेर राहते, म्हणून गाभा फिरत नाही. योग्य किल्ली घातली की तिचे दाते प्रत्येक जोडीला नेमके एवढे उचलतात की दोन खुंट्यांमधला सांधा गाभ्याच्या कडेशी येतो. खुंट्यांचे तत्त्व प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांतही होते. त्याला आजचे सुटसुटीत रूप अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी 1861 व 1865 सालच्या पेटंटांनी दिले.

किल्लीवाचून ते उघडते, याचे कारण मानवी कारागिरीतील उणीव. छिद्रे कितीही काळजीने पाडली तरी ती तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. गाभ्याला हलका ताण दिला असता सर्व खुंट्या एकदम अडकत नाहीत. एकच आधी अडकते. ती चाचपून हळूच उचलावी. बारीकसा 'टक्' आवाज होतो, गाभा केसभर सरकतो आणि मग दुसरी अडकते. नवशिक्याचा हात येथेच चुकतो. तो जोर लावतो. वास्तविक ताण जितका हलका, तितके बोटांना अधिक कळते.

हत्यारे फार नकोत. ताण देण्यासाठी वाकविलेल्या दोन-तीन पोलादी पट्ट्या, टोकाशी किंचित वळलेले दोन आकडे आणि नागमोडी टोकाची एक सळई एवढ्यावर काम भागते. वीस-तीस नगांचा चकचकीत संच घेणे म्हणजे पाटी-पेन्सिल हवी असता दौतींचे दुकान विकत घेणे होय. आकड्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असावी. कडा खरखरीत असल्यास बारीक काचकागदाने घासून गुळगुळीत कराव्यात.

कुलपांची निवडही क्रमाने करावी. पारदर्शक प्लॅस्टिकचे कुलूप रचना पाहण्यास उत्तम, परंतु त्यावर फार रेंगाळू नये. डोळा शिकतो आणि बोटे अडाणी राहतात. नंतर तीन-चार खुंट्यांचे स्वस्त कुलूप घ्यावे व मग पाच खुंट्यांचे. त्यापुढची पायरी म्हणजे रिळासारख्या, मध्ये बारीक केलेल्या खुंट्यांची कुलुपे. ती अर्धवट फिरून 'उघडले' असा भास देतात व साधकाला फसवितात. भारतात बनणारी पुष्कळशी कुलुपे खुंट्यांची नसून तरफांची, म्हणजे लिव्हरची, असतात. त्यांना निराळी हत्यारे लागतात, म्हणून नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळतो. लंडनमधील ब्रामा यांच्या दुकानात एक कुलूप मांडलेले असे. ते उघडून दाखविणाऱ्यास 200 गिनी देण्याचे जाहीर झाले होते. 1851 सालच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन कारागीर हॉब्स यांनी 16 दिवसांत मिळून 51 तास खपून ते उघडले. त्याआधी चब यांचे नामांकित कुलूप त्यांनी 25 मिनिटांत उघडले होते. अशा गोष्टी उघड बोलल्याने चोरांचे फावेल, अशी ओरड झाली. हॉब्स यांच्या बाजूचे म्हणणे असे की, चोरांना हे पूर्वीच ठाऊक असते. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा सज्जन. मला हे पटते. जर्मनीत तर 1997 सालापासून या छंदाची रीतसर संस्था आहे. छंदी मंडळींचे दोन नियम सर्वत्र मानले जातात. जे कुलूप आपले नाही, किंवा मालकाने ज्याची परवानगी दिलेली नाही, त्याला हात लावू नये. आणि जे वापरात आहे त्यावर, आपले असले तरी, सराव करू नये. ते बिघडू शकते. कायद्याचेही भान हवे. जपानमध्ये सबळ कारणावाचून अशी हत्यारे जवळ बाळगण्यास 2003 सालच्या कायद्याने बंदी आहे.

मुदत संपण्याच्या आठवड्यात मी बैठकेत गेलो, परंतु एकटा नव्हे. अध्यक्ष व दोन सभासद यांना समोर बसण्याची विनंती केली. चाळीस मिनिटे लागली. गाभा फिरला तेव्हा कोणीच बोलले नाही.

आत पैसा नव्हता. वर्गणीच्या वह्या होत्या. पहिल्या वहीत नावांपुढे अंगठ्यांचे ठसे होते. काही वर्षांनंतरच्या वहीत त्याच नावांपुढे वेड्यावाकड्या सह्या दिसू लागल्या. माझ्या आजोबांच्या नावापुढे सलग सात अंगठे होते आणि आठव्या खेपेस 'महादेव'. त्यातला 'व' ओळीच्या खाली घसरला होता. अध्यक्षांनी आपल्या आजीचे नाव शोधले. ते सापडेपर्यंत कोणी उठले नाही.

दार फोडले असते तरी वह्या मिळाल्याच असत्या, हे मी मान्य करतो. परंतु कपाट मोडले असते.

निघताना एक सभासद हसत म्हणाले, "गुरुजी, आता आमच्या घरी येताना आधी कळवीत जा!" थट्टा होती, तरी ती मनाला लागली. त्या रात्री विचार केला तेव्हा उमगले की, त्यांचे काही चुकले नाही. हाती विद्या आली की लोकांनी आपल्यावर ठेवलेल्या विश्वासाचे ओझे वाढते आणि ते आपणच वाहावयाचे असते. दुसऱ्या सभेत मी स्वतः ठराव मांडला की, जे कुलूप माझ्यासारख्या नवशिक्याने चाळीस मिनिटांत उघडले ते बदलावे आणि नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या घरी असाव्यात. ठराव एकमताने संमत झाला. माझ्याकडे त्यांपैकी एकही किल्ली नाही. तशी मीच विनंती केली होती.

जुने कुलूप मात्र मंडळाने मला देऊन टाकले. शनिवारी दुपारी मी त्यावर सराव करतो. आजी येऊन बसतात. परवा त्यांनी स्वतः पट्टी हातात घेतली आणि पहिल्या खुंटीचा 'टक्' त्यांना माझ्या आधी ऐकू आला.