रिव्हॉल्वरचा गंज निघाला, नियम ३ चा कोण काढणार?



आमच्या एका सहकाऱ्याने नुकतेच आयुष्यातले पहिले रिव्हॉल्वर घेतले. नवे नव्हे, वापरलेले. ही गोष्ट कार्यकर्त्यांत कळताच दोन प्रतिक्रिया आल्या. एक म्हणाला, "बुद्धाच्या अनुयायाला शस्त्र कशाला?" दुसरा म्हणाला, "आता आपल्या प्रत्येक घरात एक पाहिजे." आम्हाला या दोन्ही भूमिका मान्य नाहीत. का नाहीत, ते नीट सांगितले पाहिजे, कारण या प्रश्नावर आपली तरुण पोरे भावनेच्या भरात बोलतात आणि कायदा मात्र कुणी वाचत नाही.

आमचा हा सहकारी अॅट्रॉसिटीच्या एका खटल्यात फिर्यादी आहे. गावात आपली घरे मोजकी. आरोपी जामिनावर सुटून त्याच गावात राहतात आणि त्यांच्यापैकी दोघांच्या घरी परवान्याच्या बंदुका आहेत. साक्ष व्हायची बाकी आहे. अशा खटल्यांत साक्षीदारांचे काय होते, हे आपण पाहिले आहे. खर्ड्याच्या नितीन आगे प्रकरणात २०१७ साली सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. भीती कुणाच्या बाजूने काम करते, हे वेगळे सांगायला नको.

परवान्यासाठी तो कार्यालयात गेला तेव्हा पहिला प्रश्न आला, "शेती किती आहे? सातबारा आणा." म्हणजे ज्याच्याकडे जमीन त्याच्याच जिवाला मोल! आम्ही शस्त्र अधिनियम १९५९ काढून बसलो. कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. ते कलम अर्जाला जोडले, सोबत खटल्याची कागदपत्रे आणि धमक्यांच्या तक्रारी जोडल्या. तरीही दोन वर्षे गेली, पण परवाना मिळाला.

नवे रिव्हॉल्वर आपल्या माणसाच्या आवाक्यात नाही. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्वर बाजारात आणले, त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. शेतमजुरी करणाऱ्या कोणत्या बाईने ते घ्यायचे? म्हणून जुने शोधले. एका वयस्कर परवानाधारकाला आपले .३२ बोअरचे रिव्हॉल्वर विकायचे होते. खासगी माणसाने दुसऱ्या परवानाधारकाला शस्त्र विकायचे तर कलम ५ प्रमाणे आधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. आम्ही थांबलो. शस्त्रावरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला आणि परवान्यावर नोंद करून घेतली. आपल्या माणसाची एक नोंद चुकली तर फिर्यादीचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

वस्तू हातात आली तेव्हा तिची अवस्था वाईट होती. मालकाने ती अनेक वर्षे चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवली होती. चामडे ओल धरते, त्यामुळे बाहेरून तांबूस गंज चढला होता आणि जुने तेल घट्ट चिकट झाले होते. परवानाधारक बंदूक कारागिराकडे आम्ही सोबत गेलो. त्याने आधी रिव्हॉल्वर मधून उघडून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केली आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायला लावली. मग नळीत उजेड धरून आत खड्डे पडलेत का ते पाहिले. हॅमर मागे ओढल्यावर सिलिंडर प्रत्येक घराला घट्ट बसतो की डुलतो, हे तपासले. ते ठीक होते. सफाई आमच्या सहकाऱ्याने त्याच्या देखरेखीखाली स्वतः केली. आधी नळीत आणि सहाही घरांत ब्रश फिरवला, मग चिंधी काळी निघायची थांबेपर्यंत पुसले. रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली साचलेली काजळी काढली आणि शेवटी तेलाचा अगदी पातळ हात दिला. आतले स्क्रू उघडायचे नाहीत, ते कारागिराचे काम, असे त्याने बजावले. चामड्याचे म्यान फेकून दिले. शस्त्र आणि काडतुसे घरात वेगवेगळ्या कुलपांत गेली.

घरी आल्यावर वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "हे घरात आलं, पण रात्री पाचपन्नास जण आले तर सहा गोळ्यांनी काय होणार?"

मित्रांनो, खरा मुद्दा इथे आहे.

अहिंसेच्या नावाने आम्हाला शस्त्र सोडायला सांगणाऱ्यांनी बाबासाहेब पुन्हा वाचावेत. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. बुद्धाची अहिंसा म्हणजे अत्याचाऱ्यापुढे मान देणे नव्हे. १९३६ च्या 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन' मध्ये तर त्यांनी सांगितले आहे की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्रापासून तोडले, म्हणूनच त्यांना बंड करता आले नाही. इतिहासही तेच सांगतो. कोरेगावात १८१८ साली लढणाऱ्या महारांची सैन्यभरती ब्रिटिशांनी त्याच शतकाच्या अखेरीस बंद केली आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. शस्त्र कुणाच्या हातात असावे, हा या देशात कायमच जातीचा प्रश्न राहिला आहे.

अमेरिकेतही हेच झाले. १९६७ साली ब्लॅक पँथरचे तरुण कायद्यानेच मिळालेल्या अधिकाराने बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आणणारा कायदा तातडीने झाला. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या दलित पँथरने नाव घेतले, त्यांचा हा धडा आपण विसरता कामा नये.

पण "प्रत्येक घरात एक" म्हणणाऱ्यांनी आयडा बी. वेल्स वाचावी. १८९२ साली मेंफिसमध्ये तिच्या तीन काळ्या परिचितांना झुंडीने ठार मारले. तिने पिस्तूल विकत घेतले. पुढे तिच्या वर्तमानपत्राचे कार्यालय झुंडीने उद्ध्वस्त केले. तिची लढाई मात्र पिस्तुलाने झाली नाही. तिने झुंडबळींच्या नोंदी गोळा केल्या, त्या छापल्या आणि जगापुढे मांडल्या. पिस्तूल स्वतःच्या संरक्षणासाठी होते, समाजाची लढाई नोंदींनी झाली.

आपल्या हातातही अशीच एक मोठी गोष्ट आहे आणि ती कपाटात गंजत पडली आहे. अत्याचार प्रतिबंध नियम १९९५ मधला नियम ३ काढून वाचा. अत्याचारप्रवण क्षेत्र निश्चित करा, तिथे गरज असल्यास बिगर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करा, बेकायदा शस्त्रे जप्त करा, जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज असल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्या आणि विशेष पोलीस दल नेमा, असे तो नियम राज्य सरकारला सांगतो. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५अ पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकते.

आमच्या सहकाऱ्याला एक रिव्हॉल्वर मिळाले, पण आरोपींच्या दोन बंदुका तशाच राहिल्या. आमची चूक आम्ही मान्य करतो. दोन वर्षे आम्ही एका परवान्यामागे धावलो आणि त्या दोन बंदुका जमा करा असा अर्ज एकदाही दिला नाही. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर त्या अर्जात होते. तो आता दिला आहे.

तेव्हा तरुणांना आमचे सांगणे एवढेच. जिवाला खरा धोका असेल तर परवाना जरूर मागा, तो तुमचा हक्क आहे. पण शस्त्र हातात घेऊन फोटो टाकू नका, मिरवणुकीत बार काढू नका. हर्षगोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली आहे आणि ती आधी कुणावर लागेल हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याऐवजी प्रत्येक तालुक्यातून माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. नियम ३ खाली आजवर जिल्ह्यात किती परवाने रद्द झाले आणि आपल्या लोकांना किती दिले, हे विचारा. उत्तर येईल ते घेऊन जिल्हा दक्षता समितीच्या बैठकीत उभे राहा.

रिव्हॉल्वरचा गंज एका दुपारी निघाला. नियमावरचा गंज काढायला आपण सगळे लागणार आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!