तंबोरा जुळेपर्यंत
रियाजापूर्वी तंबोरा जुळवण्यात वेळ वाया जातो असे मानून अनेकांनी मोबाइलवरचा तयार तंबोरा जवळ केला आहे. परंतु तार आणि घोडी यांच्यामधला सुताचा धागा केसभर पुढेमागे सरकवत जवारी, म्हणजे तारेचा भरीव, गुंजणारा नाद, शोधताना बोटांबरोबर मनही ठिकाणावर येते, आणि हाच त्या खटाटोपाचा खरा लाभ होय. पतंजलींनी योगसूत्रांत सांगितलेल्या नऊ अंतरायांत, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांत, स्त्यान, अर्थात चित्ताला काम नकोसे होणे, हे आळसाहून वेगळे मोजले आहे. गायला वा लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला ते आरंभीच गाठते, आणि असे एखादे संथ हातकामच त्याला हटवते. ज्यांचा तंबोरा गवसणीत पडून असेल, त्यांनी तो उद्या पहाटे काढावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.