शास्त्रज्ञ देशाला पारखा होतो तेव्हा...

पेट्रोल पंपावर गाडीची टाकी भरताना आपल्याला आठवतात ते वाढते दर. जमिनीतून निघालेले काळे खनिज तेल इंजिनाला मानवेल असे इंधन बनावे, यासाठी किती रसायनशास्त्रज्ञांनी आपले आयुष्य वेचले, हा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. यांपैकी एकाचे चरित्र तर प्रत्येक राष्ट्राने डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे.

व्लादिमिर इपातिएफ यांचा जन्म १८६७ मध्ये मॉस्को येथे झाला. तोफखान्याच्या अकादमीत शिकून ते झारच्या सैन्यात लेफ्टनंट जनरलच्या पदापर्यंत पोहोचले. पण त्यांची खरी साधना चालली ती प्रयोगशाळेत. जाड पोलादी पात्रात प्रचंड दाब व उष्णता निर्माण करून, उत्प्रेरकांच्या साहाय्याने रासायनिक क्रिया घडविण्याचे तंत्र त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केले. १९१७ मध्ये राज्यक्रांती झाली. झारचा हा सेनाधिकारी परदेशी निघून गेला नाही. नव्या राजवटीतही त्याने देशाचा रासायनिक उद्योग उभारण्याची धुरा वाहिली.

या सेवेचे फळ काय मिळाले? संशय! १९२९ च्या सुमारास त्यांच्या सहकाऱ्यांची धरपकड सुरू झाली. १९३० मध्ये एका परिषदेच्या निमित्ताने ते पत्नीसह बर्लिनला गेले आणि परतले नाहीत. वयाच्या साठीनंतर, परक्या भाषेच्या देशात, शिकागोच्या ‘युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्स’ या कंपनीत त्यांनी नव्याने प्रारंभ केला.

तेलशुद्धीकरण कारखान्यात निर्माण होणारे वायू तोवर बहुधा जाळून टाकले जात. इपातिएफ यांनी फॉस्फोरिक आम्लयुक्त घन उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्या वायूंचे लहान रेणू जोडून पेट्रोल तयार केले. पुढे हर्मन पाइन्स या सहकाऱ्यासमवेत त्यांनी ‘अल्किलेशन’ची प्रक्रिया शोधली. त्यातून मिळणारे इंधन इंजिनात अवेळी पेट घेत नसे, म्हणजेच त्याचा ‘ऑक्टेन’ अंक उच्च असे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना जे १०० ऑक्टेनचे इंधन लागले, त्याच्या निर्मितीत या प्रक्रियेचा वाटा मोठा होता.

इकडे मायदेशाने १९३६-३७ मध्ये त्यांचे विज्ञान अकादमीचे सदस्यत्व आणि नागरिकत्व दोन्ही काढून घेतले. मागे राहिलेल्या रसायनशास्त्रज्ञ पुत्राला पित्याचा जाहीर धिक्कार करावा लागला. आणि नियतीचा खेळ पाहा! महायुद्धात त्याच सोव्हिएत रशियाला अमेरिकेकडून उच्च ऑक्टेनचे विमान-इंधन मदत म्हणून घ्यावे लागले. १९५२ मध्ये इपातिएफ शिकागोतच निवर्तले. अकादमीने त्यांचे सदस्यत्व बहाल केले ते १९९० मध्ये, मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी.

त्यांच्या ज्ञानाचा वारसाही अमेरिकेलाच लाभला. मॉस्कोत वाढलेले व्लादिमिर हेन्झेल हे त्यांचे शिष्य. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर आधारित त्यांची ‘प्लॅटफॉर्मिंग’ प्रक्रिया १९४९ मध्ये कारखान्यात आली आणि पुढे शिसेविरहित पेट्रोलचा मार्ग सुकर झाला.

या कथेत आपल्यासाठी काय बोध आहे? भारतात शास्त्रज्ञांवर संशयाची तलवार नाही. पण उपेक्षेनेही माणसे दुरावतात. आपण ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो आणि ते शुद्ध करण्याचे तंत्रही अनेक ठिकाणी परक्यांकडून परवान्याने घेतो. आपल्यात कर्तृत्व नाही असे मुळीच नाही. इंडियन ऑइलच्या फरिदाबाद येथील संशोधन केंद्राने विकसित केलेले ‘इंडमॅक्स’ तंत्र पारादीपच्या कारखान्यात चालते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने बनविलेले जैवइंधन घेऊन २०१८ मध्ये विमान दिल्लीला उतरले. तरीही रसायनशास्त्रात एम.एस्सी. करू इच्छिणाऱ्या मुलाला घरातच पहिला प्रश्न विचारला जातो, ‘त्यात पुढे काय मिळणार?’

संशोधनाला दहा-वीस वर्षांचा धीर लागतो. उद्योगांनी तो निधीच्या रूपाने दाखवावा, शासनाने धोरणातून आणि पालकांनी आपल्या मुलांच्या पाठीवर हात ठेवून. गमावलेल्या शास्त्रज्ञाला मरणोत्तर सन्मान देण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, एवढी दक्षता तरी आपण घेणार की नाही?