रंगांची पदरमोड

तुळशीचे लग्न लागले की आपल्या बेळगावात लग्नसराईची चाहूल लागते. पूर्वी पत्रिका हाती पडली की घरातील वडीलमाणसे प्रथम मुहूर्त पाहत आणि मग आहेर काय करायचा याचा विचार करीत. आता पत्रिका मोबाईलवर येते आणि तिच्यापाठोपाठ रंगांची यादी येते. हळदीला पिवळा, मेहंदीला हिरवा, संगीताला मोरपंखी आणि स्वागत समारंभाला फिकट गुलाबी! याला म्हणे 'कलर थीम' म्हणतात. लग्नात रंग हवेतच. रंगांवाचून लग्न कसले? परंतु ते रंग निवडतो कोण आणि त्यांचे पैसे भरतो कोण, हे निदान वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तरी विचारायला हवे.

साधा हिशेब करू. एका घरात चार माणसे आणि तीन कार्यक्रमांचे तीन रंग, म्हणजे बारा पोशाख. त्यांतील निम्मे कपाटात सापडले तरी सहा नवे घ्यावे लागतात. यजमानाच्या वहीत मंडप, जेवण, वाजंत्री, दक्षिणा असे सारे काही लिहिलेले असते. हे सहा पोशाख मात्र कोठेच नसतात. खर्च ठरवायचा यजमानाने आणि तो टाकायचा पाहुण्यांच्या नावे! पाहुणा आहेर करतो तो करतोच, वर ही पदरमोडही सोसतो. आम्हाला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील भेद शिकवतात. आजीचा शालू हा भांडवली खर्च; तो आईने नेसला, उद्या ताई नेसेल. थीमसाठी घाईघाईने आणलेली साडी पुढच्या लग्नात चालत नाही, कारण तेथील यादी निराळी. तिचा घसारा एका संध्याकाळीच पूर्ण होतो.

पैशाचा प्रश्न तरी सोडवता येईल. मनाचे काय? आमच्या नात्यातील एका लग्नात गावाकडच्या एक काकू ठेवणीतले डाळिंबी इरकली लुगडे नेसून आल्या होत्या. छायाचित्रे काढताना "थीममधल्या बायकांनी पुढे या" असा पुकारा झाला. काकू काही न बोलता मागे सरकल्या. वधूला लहानपणी त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवले होते, पण आल्बमात त्या कोठेही नाहीत. घरातल्या पुढच्या लग्नाला त्या आल्याच नाहीत. बरे नाही, एवढाच निरोप आला.

यावर कोणी म्हणेल की, सर्वांचा रंग एक झाला तर गरीब-श्रीमंत हा भेद दिसत नाही, शाळेच्या गणवेशात तरी दुसरे काय असते? हा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. परंतु गणवेश दोन-दोन वर्षे अंगावर असतो आणि पुढे धाकट्या भावंडाला होतो. शिवाय एकाच पिवळ्या रंगात पाचशेची साडी आणि पाच हजारांची साडी शेजारी उभी राहिली, तर भेद झाकला जातो की अधिकच उठून दिसतो?

आपल्या लग्नाला स्वतःचे रंग पूर्वीपासून आहेत. हळद पिवळी, चुडा हिरवा, अंतरपाट पांढरा आणि त्यावर कुंकवाचे लाल स्वस्तिक. एरवी लग्नकार्यात टाळलेल्या काळ्या रंगालाही मंगळसूत्राच्या मण्यांत स्थान आहे आणि पहिल्या संक्रांतीला चंद्रकळेचा मान आहे. या रंगांसाठी पाहुण्यांना दुकान गाठावे लागत नसे. हळदीला तर माणसे जुनेच कपडे घालून येत, कारण डाग जात नाही! या अंकाच्या कन्नड विभागातील आमच्या मित्रांच्या घरी हळदीला 'अरिशिण' म्हणतात आणि हिरव्या बांगड्यांना 'हसिरु बळे'. शब्द दोन, रंग एकच.

म्हणून नवे काही करूच नये, असे मी म्हणणार नाही. पाश्चात्त्यांचा शुभ्र विवाहपोशाख आज रूढ वाटतो, पण तो लोकप्रिय झाला १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नानंतर. त्या पोशाखावरील लेस डेव्हन परगण्यातील कारागिरांनी हातांनी केलेली होती. त्यांच्या बुडत्या धंद्याला हात द्यावा, हाही त्यामागे हेतू होता. रंग निवडताना कोणाच्या हाताला काम मिळेल, हा विचार आपल्यालाही करता येईल. आपल्या शहापूर-वडगावात माग आहेत. इरकल आणि गुळेदगुड्डचा खण ही तर आपल्याच बाजूची वस्त्रे.

यजमानाने मंडप, फुले, पत्रिका यांचे रंग मनसोक्त निवडावेत. तो त्याचा खर्च आणि त्याचा आनंद. पाहुण्यांचाही एखादा रंग जुळावा अशी हौस असेल, तर पुरुषांना फेटे बांधावेत आणि स्त्रियांना अबोलीचे गजरे द्यावेत. कोणी मागे सरकणार नाही आणि छायाचित्रही शोभून दिसेल. पारंपरिक इरकल पाहा. अंगाचा रंग निळा, हिरवा, डाळिंबी, कोणताही असो, पदर लाल रेशमाचाच असतो. दहा बायका दहा रंगांची इरकले नेसून एका ओळीत बसल्या तरी त्या एकाच घरच्या वाटतात.

मित्रांनो, आज ना उद्या घरच्या लग्नाची यादी करण्याचे काम आपल्याकडे येणारच आहे. त्या यादीत प्रत्येक रंगासमोर एक रकाना अवश्य आखावा आणि त्याच्या डोक्यावर लिहावे : 'खर्च कोणाचा?'