चेकच्या केसेस आणि न्यायाधीशांपुढचे बोर्ड

भिवंडी, मालेगावच्या कापड बाजारात माल उधारीवर जातो आणि त्या उधारीला आधार असतो पुढच्या तारखेच्या चेकचा. चेक परत आला की पार्टी फोन उचलत नाही, दलाल हात वर करतो आणि आम्ही वकिलाची पायरी चढतो.

1 एप्रिल 1989 पासून चेक न वटणे हा गुन्हा ठरला. चेकला वजन आले, पण वसुलीची सारी भिस्त फौजदारी कोर्टावर पडली. 2003 पासून कायदा म्हणतो, अशी तक्रार सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात 2019 अखेर देशात 2 कोटी 31 लाख फौजदारी प्रकरणे पडून होती, त्यांत 35 लाख 16 हजार चेकची! सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या निकालात हा आकडा नमूद केला आहे.

मॅजिस्ट्रेटसाहेबांना आम्ही दोष देत नाही. बोर्ड लांबलचक, आरोपी गैरहजर, समन्स बजावणीविना परत. तारीख देण्यावाचून ते करणार काय? शिवाय आपलेच काही व्यापारी बांधव कोरा चेक आधीच घेऊन ठेवतात आणि हिशेबाचा वाद झाला की मनाला येईल ती रक्कम भरून केस ठोकतात. बोर्ड त्यानेही फुगते.

पण एक गोष्ट न्यायाधीशांच्या हातात नक्की आहे. 2018 च्या दुरुस्तीनुसार आरोपीने गुन्हा नाकबूल केला की चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई 60 दिवसांत भरण्याचा हुकूम देता येतो. तो दिलाच पाहिजे असे नाही. प्रकरणात तथ्य किती हे पाहावे लागते, आणि ते योग्यच आहे. आमचे म्हणणे इतकेच की हा निर्णय त्याच तारखेला व्हावा, पुढे ढकलू नये. ज्याला नुसते दिवस काढायचे आहेत, तो खिशाला चाट बसताच तडजोडीला येईल आणि बोर्डावरची एक केस कमी होईल. छोट्या कारखानदाराला पार्टीच्या तुरुंगवासाशी काय देणेघेणे? त्याला सूत आणायला आणि कारागिरांची मजुरी द्यायला पैसा हवा, तोही याच सीझनला.

समन्सचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तक्रारदारालाही समन्स पोहोचवण्याची मुभा दिली आहे. तेव्हा माल देतानाच पार्टीचा खरा पत्ता, मोबाइल नंबर आणि ई-मेल वहीत लिहून घ्यावा.