मुलांच्या कानांवर विश्वास ठेवा

वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवा मालवला तरी विजेवरच्या वस्तू जाग्याच असतात. सेट टॉप बॉक्सचा लाल दिवा जळत असतो, मोबाइल काढून घेतला तरी चार्जर बोर्डात खोचलेलाच असतो. आणि जागाच कमी, म्हणून मुलांची अंथरुणे नेमकी त्या बोर्डाखाली पडतात. अशा वेळी एखादे मूल म्हणते, "आई, बारीक शिट्टी वाजतेय, झोप येत नाही." आई कान देते, तिला काही ऐकू येत नाही. बापाला नाही, आजीला तर नाहीच. मग मुलाला ऐकावे लागते : खोटे बोलतोस, अभ्यास टाळायचा म्हणून नाटक करतोस. एखाद्या घरात तर 'बाहेरचे काही असेल' म्हणून गंडादोरा बांधायची भाषा सुरू होते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मुलाला आधी खोटे ठरवू नका. ते खरे सांगत असण्याचीच शक्यता जास्त आहे.

आवाज म्हणजे हवेची थरथर. ती एका सेकंदात किती वेळा होते हे हर्ट्झ या मापात मोजतात. आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक. निरोगी लहान मुलाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. आपल्या कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसासारख्या नाजूक पेशी असतात. अगदी बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात. वयाबरोबर आधी त्याच झिजतात आणि एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. म्हणून पन्नाशीच्या माणसाला १५,००० हर्ट्झचा आवाज सहसा ऐकूच येत नाही. माणसांचे बोलणे त्याच्या कितीतरी खालच्या पट्टीत असते, त्यामुळे आपले काही गेले आहे हे आपल्याला कळतही नाही.

आता घरातल्या वस्तू पाहा. जुना पेटीसारखा टीव्ही पडद्यावर ६२५ रेघांचे चित्र सेकंदाला २५ वेळा काढायचा. गुणाकार करा : १५,६२५. त्या टीव्हीतून नेमकी तेवढ्या हर्ट्झची शिट्टी यायची, मुलांना ती ऐकू जायची, मोठ्यांना नाही. आजच्या चार्जरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते, त्याने आतले तारेचे वेटोळे थरथरते. मोबाइल लावलेला नसला की हे चालू-बंद होणे तुटक होते आणि आवाज ऐकू येण्याच्या पट्टीत उतरतो. म्हणून रिकामा चार्जर कधी कधी जास्तच गुणगुणतो.

ब्रिटनमध्ये २००५ साली याचाच धंदा झाला. दुकानाबाहेर घोळका करणाऱ्या पोरांना हुसकवायला सुमारे १७,४०० हर्ट्झचा आवाज काढणारे यंत्र निघाले. पोरे वैतागून निघून जात, मोठ्या गिऱ्हाइकांना मात्र पत्ताच नसे.

तेव्हा वाद घालण्यापेक्षा तपासून पाहा. मुलाला भिंतीकडे तोंड करून उभे करा. त्याला न दिसता एकेक वस्तू बंद करा, पुन्हा चालू करा, आणि शिट्टी कधी थांबली ते त्यालाच विचारा. दर वेळी बरोबर सांगितले तर प्रश्न मिटला. कारण बोर्डात आहे, भुताखेतात नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते, हे आपल्याला शिकवलेलेच आहे.

उपायही फुकटाचे आहेत. झोपताना चार्जर काढून ठेवा. सेट टॉप बॉक्स रिमोटने नव्हे, बोर्डावरच्या बटणाने बंद करा. मुलाची उशी बोर्डापासून दूर सरकवा. नवा चार्जर घेताना भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. नुसत्या बारीक शिट्टीने घाबरायचे कारण नाही. पण तडतड आवाज, जळका वास किंवा चटका बसेल इतका गरम प्लग, यांपैकी काहीही असेल तर ती वस्तू लगेच बंद करा आणि वायरमनला दाखवा.

आवाजाने डास पळवतो म्हणून विकले जाणारे प्लगही घेऊ नका. त्याने डास चावायचे थांबत नाहीत, हे चाचण्यांत दिसून आले आहे. त्या पैशात मच्छरदाणी घ्या.

घरातली सगळी वीज बंद केली तरी मुलाला शिट्टी ऐकू येत असेल, तर मात्र कान दाखवायला हवा. मळ, कानातला संसर्ग किंवा आतली इजा, काहीही असू शकते. कानात गरम तेल ओतू नका, काडी घालू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते, त्यात ऐकण्याची तपासणीही आहे. मुलाची तक्रार त्या डॉक्टरांना सांगा, किंवा सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय श्रवण संस्था आहे.

शेवटी मोठ्यांसाठी. वयाने शिट्टी ऐकू न येणे वेगळे, आणि समोरच्याला 'काय?' म्हणून दोनदा विचारावे लागणे वेगळे. प्रेसवर, ड्रिलवर, लूमवर काम करणाऱ्यांनी ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या आवाजात राहिले की कान कायमचा जाऊ शकतो. कानात घालायची बुचे मालकाकडे मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर लेकराला खांद्यावर घेऊन नाचू नका, मग कोणी रागावले तरी चालेल. आपल्याला न ऐकू येणारे ज्या कानांना ऐकू येते, ते कान शाळेत बाई काय शिकवतात ते ऐकण्यासाठी शाबूत राहिले पाहिजेत.